बनगरवाडीची तालीम आणि मुलांची वही: कादंबरीतले प्रतीक शोधायला कसे शिकवावे

आठवी-नववीच्या मुलांना कादंबरीतील प्रतीके शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला एक अडचण उभी राहते. प्रतीकाची व्याख्या त्यांना लगेच पाठ होते, आणि एकदा ती पाठ झाली की मुले पुस्तकाकडे पाहायचे सोडून शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागतात. मी हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा फळ्यावर दोन रकाने आखले होते, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे तिचा अर्थ. मुलांनी ते सुबक अक्षरात उतरवून घेतले, उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे लिहिले, आणि पुढची कादंबरी हाती आली तेव्हा एकालाही एकही प्रतीक आपणहून दिसले नाही. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना प्रतीक शोधायला शिकवलेच नव्हते. मला सापडलेली प्रतीके त्यांच्या हातावर ठेवली होती.

त्यानंतर जी पद्धत हळूहळू बसत गेली ती येथे मांडतो आहे. तिचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. कादंबरीतील वस्तू आधी वस्तू म्हणून नीट पाहावी, ती कुठे कुठे येते आणि दर वेळी कोणत्या अवस्थेत येते याची नोंद ठेवावी, आणि अर्थाचा प्रश्न त्या नोंदी समोर आल्यावरच विचारावा. ही पद्धत शाळेच्या वर्गात, वाचनालयातील मुलांच्या गटात किंवा घरी एक-दोन मुलांबरोबरही वापरता येते. त्यासाठी साधारण दीड महिना हाताशी हवा, कारण एकाच आठवड्यात कादंबरी वाचून तिच्या प्रतीकांवर बोलायचे ठरवले की मार्गदर्शक पुस्तकातली उत्तरे आपोआप वर्गात शिरतात.

पुस्तक कोणते घ्यावे

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या कामासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. ती छोटेखानी आहे, तिची वाक्ये साधी आहेत, तिचा निवेदक एक तरुण शिक्षक आहे, आणि मुख्य म्हणजे लेखक कुठेही थांबून वस्तूंचे अर्थ सांगत बसत नाही. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत हा मास्तर नेमणुकीवर येतो. पोरे मेंढरांमागे रानात गेलेली असतात, म्हणून शाळेत कोणी नसते. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, मास्तर हळूहळू वाडीचा होतो, गावाच्या श्रमातून तालीम उभी राहते, तिच्या उद्घाटनाला राजा येतो, आणि त्यानंतर पाऊस दगा देतो. दुष्काळात मेंढरे मरू लागतात, माणसे परागंदा होतात आणि वाडी ओस पडते. एवढीच कथा आहे. घटना कमी असल्यामुळे मुलांचे लक्ष वस्तूंकडे जायला जागा उरते.

मुले लहान असतील, म्हणजे पाचवी-सहावीची, तर सुरुवात साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने करावी. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात वस्तूंचे अर्थ बहुधा आईच उघड करते. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो, आई त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरते, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असे सांगते. प्रतीक शोधण्याच्या दृष्टीने येथे मुलांना फारसे काम उरत नाही, कारण उत्तर आईने दिलेलेच असते. तरीही हा प्रसंग उपयोगी पडतो. एखादी रोजची, साधी वस्तू गोष्टीच्या आत अर्थ कसा धारण करते हे मुलांना त्यात डोळ्यांसमोर घडताना दिसते. त्यांना एवढेच विचारावे की आई ते वाक्य बोललीच नसती, नुसते लुगडे पसरून गप्प राहिली असती, तर आपल्याला काय कळले असते? या प्रश्नावर मुले जेवढी बोलतील तेवढी त्यांची 'बनगरवाडी'ची तयारी झाली असे समजावे. कारण माडगूळकर नेमके तेच करतात. ते लुगडे पसरतात आणि गप्प राहतात.

आधीची तयारी

शिक्षकाने किंवा पालकाने कादंबरी आधी दोनदा वाचावी. पहिले वाचन निव्वळ वाचन असावे. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन एकाच वस्तूचा माग काढावा, म्हणजे मुलांना पुढे जे करायला सांगणार आहोत ते किती कंटाळवाणे आणि किती गमतीचे असते याचा अनुभव आपल्या गाठीशी राहील. हा माग मुलांना दाखवायचा नसतो. तो आपल्या संयमासाठी असतो. आपल्याला सापडलेला अर्थ केव्हा एकदा सांगतो असे होते, आणि तिथेच तास बिघडतो.

दुसरी तयारी मुलांच्या अनुभवाची करावी लागते. पुण्या-मुंबईत वाढलेल्या, किंवा परदेशात शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनी मेंढरांचा कळप बहुधा गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. घोंगडे त्यांनी हाताळलेले नसते. शक्य असेल तर एक खरे घोंगडे वर्गात आणावे, मुलांनी त्यावर बसावे, ते पांघरावे, त्याचा वास घ्यावा. धनगराच्या घरी तेच अंथरूण असते, तेच पांघरूण असते, पावसात तीच खोळ होते आणि पाहुणा आला की तेच बसायला पसरले जाते, हे त्यांना सांगावे. मेंढरू म्हणजे लोकर, खत आणि पैसा. धनगर आपला कळप शेतकऱ्याच्या रानात रात्रभर बसवतात आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, ही साधी देवाणघेवाण कळली तरी कादंबरीतली मेंढरे मुलांच्या लेखी शोभेची राहत नाहीत. हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारी काही मुले मेंढरू दिसताच 'निरागसतेचे प्रतीक' असे लिहून मोकळी होतात. तो अर्थ दुसऱ्या परंपरेतून उचललेला आहे; कादंबरी जिथे घडते त्या माणदेशातल्या धनगराच्या तो गावीही नसतो.

पावसाबद्दलही असेच बोलावे लागते. माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आजच्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. नकाशावर ही दोन ठिकाणे बोटाने दाखवावीत. पाऊस या शब्दाला चिखल, छत्री आणि सुट्टी एवढेच अर्थ असलेल्या मुलाला 'पाऊस आला नाही' या तीन शब्दांचे वजन त्याशिवाय कळत नाही.

पहिले वाचन: प्रतीक हा शब्द काढायचा नाही

कादंबरी प्रथम संपूर्ण वाचून व्हावी, आणि त्या काळात प्रतीक हा शब्द वर्गात कोणी उच्चारू नये. संवादांतली माणदेशी बोली मुलांना सुरुवातीला अडते, म्हणून पहिले काही भाग मोठ्याने वाचून दाखवावेत. कानाला सवय झाली की डोळेही सरावतात. प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा: आज तुम्हाला काय दिसले? 'काय समजले' किंवा 'काय आवडले' हे प्रश्न मुद्दाम टाळावेत, कारण त्यांची उत्तरे मुलांकडे तयार असतात. 'काय दिसले' याला तयार उत्तर नसते. कोणाला दिवा दिसलेला असतो, कोणाला धूळ, कोणाला कारभाऱ्याचे हातवारे. जे सांगितले जाईल ते कोणत्याही टिप्पणीविना एका मोठ्या कागदावर लिहीत जावे आणि तो कागद भिंतीला लावून ठेवावा.

हा टप्पा अनेकांना वेळखाऊ वाटतो आणि ते तो गाळतात. गाळू नये. पुस्तकाचा शेवट माहीत नसताना प्रतीक शोधणे म्हणजे निम्मी वाट चालून मुक्काम कसा आहे ते सांगण्यासारखे आहे. वाडी ओस पडणार आहे हे ठाऊक असलेला वाचकच तिच्या भरलेल्या दिवसांकडे दुसऱ्यांदा वेगळ्या नजरेने पाहतो.

वस्तूंची वही

दुसऱ्या वाचनाच्या आधी भिंतीवरच्या कागदावरून प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडावी. व्यक्ती निवडू नये, भावना तर मुळीच निवडू नये. मेंढरे, घोंगडे, तालीम, शाळा, पाऊस, दिवा, पाटी असे काहीही चालेल. दोघांनी एकच वस्तू घेतली तर उत्तमच, कारण पुढे त्यांच्या नोंदी पडताळून पाहता येतात. त्या वस्तूसाठी एक वही करावी आणि वस्तू पुस्तकात जेव्हा जेव्हा येईल तेव्हा नोंद करावी: पान कोणते, वस्तू कोणाच्या हातात किंवा कोणाजवळ आहे, ती कोणत्या अवस्थेत आहे, आणि माणसे त्या क्षणी तिच्याशी काय करत आहेत. चार गोष्टी पुरेत. अर्थासाठी वहीत रकाना ठेवू नये. काही मुले समासात अर्थ लिहून ठेवतातच. त्यांना रागावू नये, पण तो समास वर्गात वाचून दाखवू देऊ नये.

या वहीत एक सूचना सुरुवातीलाच द्यावी, ती म्हणजे वस्तू जिथे यायला हवी होती आणि आली नाही तेही नोंदवावे. उदाहरणार्थ, ज्याने तालीम निवडली आहे त्याने शेवटच्या भागांत तालमीचा उल्लेख येतो का, आला तर किती शब्दांत येतो, आणि येत नसेल तर त्या पानांवर तिच्या जागी काय आहे, हे स्वतः तपासावे. न येणे ही देखील नोंद आहे हे मुलांना पहिल्यांदा पटत नाही. एकदा पटले की ती भलतीच दक्ष होतात.

दोन आठवड्यांनी वह्या उघडाव्यात. प्रत्येकाने आपली पहिली आणि शेवटची नोंद तेवढीच वाचून दाखवावी, मधल्या नोंदी तूर्त बाजूला ठेवाव्यात. मेंढरांची वही ठेवणाऱ्याच्या पहिल्या नोंदीत कळप असतो, पोरे शाळेऐवजी त्याच्यामागे गेलेली असतात, म्हणजे मेंढरे ही मास्तरची अडचण असते. शेवटच्या नोंदींत मेंढरे मरत असतात. या दोन टोकांच्या मध्ये काय बदलले, असा साधा प्रश्न टाकावा आणि थांबावे. मुलांच्या हळूहळू लक्षात येते की ज्या मेंढरांमुळे शाळा भरत नव्हती, ती गेल्यावर शाळेला पोरेच उरत नाहीत. हे कोणीही फळ्यावर लिहून दिलेले नसते. मेंढरे म्हणजे वाडीचा जीव, असे एखादा मुलगा तेव्हा म्हणतो, आणि तेव्हा ते वाक्य त्याचे स्वतःचे असते.

तालमीपाशी रेंगाळावे

सगळ्या वस्तूंना सारखा वेळ देण्याची गरज नाही. घोंगडे आणि दिवा एका बैठकीत उरकले तरी चालते. तालमीला मात्र पूर्ण बैठक द्यावी, कारण तिच्यात या कादंबरीची बरीच गुंतागुंत साठलेली आहे.

प्रथम तालीम म्हणजे काय हे स्पष्ट करावे. आजच्या मुलांना व्यायामशाळा म्हटले की आरसे आणि यंत्रे आठवतात. तालमीत लाल माती असते, हौदा असतो, मारुती असतो, आणि गावातली पोरे तिथे अंग घामाने भिजवतात. मग काळ सांगावा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि व्यायामाला त्यांच्या संस्थानात राजमान्यता होती. त्यामुळे वाडीने तालीम बांधावी आणि तिच्या उद्घाटनाला राजाने यावे, यात त्या काळाच्या दृष्टीने ओढूनताणून आणलेले काही नाही. हे मुलांना माहीत असणे आवश्यक आहे, कारण प्रतीक शोधण्याच्या उत्साहात ती खरी कारणे विसरतात आणि लेखकाने तालीम केवळ अर्थासाठी रचली असे समजू लागतात. माडगूळकरांची तालीम आधी दगडमातीची आहे.

यानंतर अदलाबदलीचा प्रयोग करावा. तालमीच्या जागी वाडीने देऊळ बांधले असते तर? विहीर खणली असती तर? शाळेची नवी इमारत बांधली असती तर? मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक पर्याय द्यावा आणि कादंबरी त्या पर्यायानुसार शेवटपर्यंत सांगायला लावावी. विहिरीचा गट बहुधा सर्वांत आधी अडतो. विहिरीला पाणी लागले असते तर दुष्काळाची धार बोथट झाली असती, आणि लागले नसते तर कादंबरी पाण्याच्या शोधाची झाली असती. देवळाचा गट म्हणतो की देवळात देव असतो, त्यामुळे दुष्काळ आल्यावर गावाने देवाकडे धाव घेतली असती किंवा त्याला दोष दिला असता. शाळेच्या इमारतीचा गट सांगतो की मग ते काम एकट्या मास्तरचे ठरले असते. अशा रीतीने एकेक पर्याय गळत गेला की तालमीत काय आहे ते उघडे पडू लागते. ती सगळ्यांची आहे, ती अंगात बळ आणण्यासाठी आहे, आणि आभाळाने पाठ फिरवली तेव्हा त्या बळाचा काही उपयोग नव्हता. एवढे मुलांनी आपापल्या शब्दांत म्हटले की पुरे. 'माणसाच्या सामूहिक आकांक्षेचे प्रतीक' ही शब्दरचना त्यांच्या तोंडी येईलच, कारण असे शब्द शाळेच्या हवेत तरंगत असतात; ती आली की विचारावे, आकांक्षा कोणत्या पानावर दिसली?

शेकूच्या बायकोचा प्रसंग

या कादंबरीतला जो प्रसंग मुलांच्या मनातून जात नाही तो शेकूच्या बायकोचा. शेकूकडे एकच बैल असतो, औताला दुसरा मिळत नाही, आणि त्या बैलाच्या जोडीला त्याची बायको जू खांद्यावर घेते. येथे मुले, विशेषतः हुशार मुले, क्षणात हात वर करतात आणि स्त्रीच्या शोषणाचे प्रतीक असे उत्तर देतात. ते उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते फार लवकर आले, एवढीच तक्रार आहे. अर्थ हाती लागल्याबरोबर त्या बाईच्या खांद्यावरचे जू मुलांच्या डोळ्यांपुढून नाहीसे होते, आणि तिच्या जागी निबंधाचा विषय येऊन बसतो.

म्हणून या प्रसंगावर प्रतीकाची चर्चा उलट दिशेने न्यावी. तो उतारा पुन्हा संथपणे वाचावा आणि केवळ माहितीचे प्रश्न विचारावेत. औताला जायचा निर्णय कोणाचा? ती तो कोणत्या शब्दांत मांडते? पाहणारे कोण कोण आहेत, आणि कोण काय करतो? मास्तर त्या वेळी कुठे आहे आणि त्याला काय वाटते, हे सांगितले आहे की नाही? दुसरा बैल का मिळाला नाही? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात शोधताना गरिबी, वाडीतले हेवेदावे, नवरा-बायकोचे नाते आणि त्या बाईचा हट्ट या सगळ्यांचे धागे मुलांच्या हाती येतात, आणि 'शोषण' हा एकच शब्द त्यांना अपुरा वाटू लागतो. काही मुलांना ती बाई दीन वाटत नाही, उलट साऱ्या वाडीपेक्षा ताठ वाटते. दोन्ही बाजू उताऱ्यातील शब्दांवर बोट ठेवून बोलत असतील तर शिक्षकाने निवाडा करू नये. ग्रामीण भागातील वर्गात या प्रसंगावर बोलताना थोडी जपणूकही ठेवावी. एखाद्या मुलाच्या घरी आजीने असे कष्ट उपसलेले असू शकतात, आणि त्याच्यासाठी हे प्रतीक वगैरे काही नसते.

रूपक आणि प्रतीक यांतला गोंधळ

केव्हातरी मुले विचारतातच की रूपक आणि प्रतीक यांत फरक काय. येथे व्याख्यांच्या मागे न लागता एकनाथांचे विंचवाचे भारूड घ्यावे, ते बहुतेकांनी ऐकलेले असते. तिथे विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथ पहिल्याच ओळीत सांगून टाकतात. विंचू चावणे, घाम सुटणे, उतारा करणे हे सर्व त्या एका समीकरणावर चालते, आणि समीकरण कळले की भारूड कळते. 'बनगरवाडी'तल्या तालमीचे असे समीकरण मांडता येत नाही. तिचा अर्थ पहिल्या उल्लेखाला एक असतो, उद्घाटनाच्या दिवशी दुसरा, आणि वाडी रिकामी झाल्यावर तिसरा. गुढी, तोरण, औक्षणाचा दिवा ही चिन्हे आणखी निराळी. त्यांचा अर्थ आपल्या सगळ्यांच्या आधीपासून ठरलेला असतो आणि त्या अर्थासाठी कादंबरी वाचावी लागत नाही. या तीन तऱ्हा उदाहरणांतून दाखवल्या की गोंधळ मिटतो. नवव्या इयत्तेपर्यंत यापेक्षा अधिक सिद्धान्ताची आवश्यकता मला वाटलेली नाही.

याच सुमारास दुसरा आजार उद्भवतो. मुलांना सगळीकडे प्रतीके दिसू लागतात. मास्तरचे जोडे, बाज, भाकरी, जे दिसेल त्याला अर्थ चिकटवला जातो. यावर उपाय म्हणून मी तीन कसोट्या ठेवतो. ती वस्तू पुन्हा पुन्हा येते का? दर वेळी तिच्यात किंवा तिच्याभोवती काही बदलते का? आणि ती काढून टाकली तर कादंबरीचे काही बिघडते का? तिन्हींना उत्तर 'नाही' असेल तर बाज म्हणजे बसायची बाज असते, आणि असे निर्भयपणे म्हणणाऱ्या मुलाचे वर्गात कौतुक व्हायला हवे. ज्या वर्गात 'हे प्रतीक नाही' असे म्हणायची सोय नसते, तिथे 'हे प्रतीक आहे' या म्हणण्यालाही किंमत राहत नाही.

लिहून घेताना

शेवटी मुलांकडून एक परिच्छेद लिहून घ्यावा, पंधरा-वीस ओळींचा, त्याहून मोठा नको. 'अमुक हे तमुकचे प्रतीक आहे' हे वाक्य त्यात वापरायचे नाही, असा नियम घालावा. मुले सुरुवातीला कुरकुरतात, कारण त्या वाक्याविना सुरुवात कशी करावी हेच त्यांना सुचत नाही. मग त्यांना वहीकडे परत पाठवावे. वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा कशी आहे, मध्ये कुठे तिने वळण घेतले, शेवटी ती कशी आहे, आणि यावरून मला काय वाटते, एवढा क्रम सांभाळला की परिच्छेद उभा राहतो. पुस्तकातले किमान दोन प्रसंग नेमके सांगितलेले असावेत. 'मला वाटते' या शब्दांना लाल रेघ मारू नये. परीक्षेच्या भाषेत ते वर्ज्य मानले जातात, पण येथे ते प्रामाणिकपणाचे आहेत.

तपासताना मुलाचा अर्थ आपल्या अर्थाशी जुळतो का हे पाहू नये. पाहायचे ते एवढेच, की वहीतील नोंदींपासून मुलाच्या निष्कर्षापर्यंत चालत जाता येते का, की मध्येच उडी मारावी लागते. उडी असेल तिथे समासात 'येथे कसे आलास?' असा प्रश्न लिहावा आणि परिच्छेद परत द्यावा. मुलांनी तो दुसऱ्यांदा लिहिला की बहुतेक वेळा अर्थ बदललेला नसतो, पण वाट तयार झालेली असते.

अमोल पालेकरांनी या कादंबरीवर १९९५ साली चित्रपट केला आहे. तो दाखवायचा असेल तर लिहून झाल्यानंतरच दाखवावा. पडद्यावरची तालीम एकदा पाहिली की प्रत्येकाच्या मनातली तालीम पुसली जाते. नंतर दाखवला तर मात्र त्याचा चांगला उपयोग होतो: ज्याची त्याची वस्तू कॅमेऱ्याने किती वेळ दाखवली, कोणती गाळली आणि कोणती नव्याने घातली, यावर मुले तासभर वाद घालू शकतात.

वेळ उरला तर आणखी एक बैठक घ्यावी. राम देशमुखांनी केलेला 'बनगरवाडी'चा इंग्रजी अनुवाद 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने १९५८ साली प्रसिद्ध झाला. मूळ नावात फक्त वाडी आहे, भिंत कुठेच नाही. अनुवादाच्या नावात भिंती आल्या त्या 'नव्हत्या' म्हणून आल्या. हे नाव फळ्यावर लिहावे, त्याचा अर्थ मराठीत सांगावा, आणि पुस्तकात भिंत हा शब्द कुठे कुठे येतो ते सर्वांनी मिळून शोधावे. धनगर रानात मेंढरांभोवतीसुद्धा भिंत न बांधता दोरीची वाघूर लावतात आणि सकाळी ती गुंडाळून पुढे जातात, एवढी माहिती हवी तर पुरवावी. मग विचारावे, की ज्या गावाला भिंती नाहीत असे अनुवादाचे नाव म्हणते, त्या गावाने सगळ्यांनी मिळून भिंती उभारल्या त्या कशाच्या? या प्रश्नाला पहिल्यांदा हात वर करण्याची संधी तालमीची वही ठेवणाऱ्यांना द्यावी.